प्रश्नांची भिशी

बाळ वजनकाट्यावर होतं आणि त्याला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीचं म्हणणं, ते पेटीतच आहे.

हेमांगीबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. आत लोखंडे सिस्टरनी त्यांच्या नातवाला उचललं, छातीवरच्या सेन्सरची वायर पेटीतून उपसून बाजूला ठेवली आणि बाळाला काट्यावर घेतलं. चौदाशे दहा ग्रॅम. कालच्यापेक्षा वीस ग्रॅम जास्त. सिस्टरनी काचेकडे बघून अंगठा वर केला, पण हेमांगीबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या पेटीच्या पडद्याकडे बघत होत्या. तिथं बाळाच्या अंगाचं तापमान होतं, ३६.४, आणि आकड्याखाली एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. हिरवा ठिपका म्हणजे हा आकडा आत्ताचा, या क्षणाचा.

वायरच नव्हती पेटीत. मग हा ३६.४ कुणाचा?

तसं घाबरण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. सिस्टरनी बाळ परत ठेवलं, वायर खोचली, झाकण लावलं. आकडा ३५.८ झाला. उघड्यावर घेतल्यामुळं अंग जरा गार झालं असणार. आता पेटी ऊब वाढवेल आणि दहा-पंधरा मिनिटांत आकडा वर जाईल. दुसरी कुणी आजी असती तर देवाला हात जोडून चहा प्यायला गेली असती. पण ही आजी इचलकरंजीच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं संगणक शिकवत होती, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत जे नाव लिहिलं होतं ते वाचून कालच तिनं आनंदानं आपल्या सरांना फोन केला होता.

ते नाव होतं 'ओंजळ'.

ओंजळ ही संगणकाची भाषा. पंचवीस वर्षांपूर्वी हुपरे सरांनी ती इचलकरंजीच्या मागांसाठी बनवली. मागावरचा धागा तुटला की माग तत्क्षणी थांबला पाहिजे, नाहीतर कापड वाया जातं. त्यासाठी मागावर सेन्सर बसवले होते, पण सेन्सर मधेच मुके व्हायचे आणि संगणक मागच्या आकड्यावरच विसंबून धागा शाबूत आहे असं धरून चालायचा. सरांनी अशी भाषा केली की तिच्यात कुठलाही आकडा एकटा राहूच शकत नाही, त्याच्याबरोबर त्याची वेळ असते. ठरल्या वेळेत नवा आकडा आला नाही, तर ओंजळ जुन्याला 'शिळं' म्हणते, काम थांबवते आणि घंटा वाजवते. शिळं अन्न कुणाला वाढायचं नाही, तसा शिळा आकडा कुणाला दाखवायचा नाही, असं सर वर्गात सांगत.

भाषा गुणाची होती, पण गुणाला विचारतो कोण? जगात चलती मोजली जात होती.

संगणकाच्या शेकडो भाषांपैकी कुठली किती वापरात आहे, हे मोजणारं एक जागतिक मंडळ होतं आणि त्याच्या आकड्याला सगळे 'चलती' म्हणत. आता एकेका माणसाला विचारत तर फिरता येत नाही, म्हणून मंडळ पाऊलखुणा मोजायचं. इंटरनेटवर जगभरची माणसं जिथं शंका विचारत त्या प्रश्नांच्या फळ्यावर त्या भाषेबद्दल किती प्रश्न आले, किती उत्तरं आली, वाद किती झाला, नवे प्रोग्रॅम किती लिहिले गेले. यात एक मोठी गोम होती. जी भाषा नीट चालते तिच्याबद्दल कुणी प्रश्नच विचारत नाही. ज्या घरातून भांडणाचा आवाज येत नाही ते घर ओसाड समजावं, त्यातला हा प्रकार. ओंजळीची चलती शंभरात शून्य पॉइंट शून्य तीनवर आली होती.

पूर्वी याचं कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आता प्रोग्रॅम माणसं लिहीत नव्हती. ते काम 'लेखनिक' नावाचं यंत्र करायचं, आणि लेखनिक त्याच फळ्यावरचे प्रश्न आणि उत्तरं वाचून शिकायचा. चलती एका मर्यादेखाली गेली की मंडळ ती भाषा यादीतून काढायचं आणि लेखनिक ती विसरून जायचा. लेखनिकाला येत नाही ती भाषा मेली, इतका साधा हिशोब होता.

ओंजळ जाणणारी माणसं उरली होती अकरा. त्यात हेमांगीबाई होत्या, मागांची दुरुस्ती करणारे रफीकभाई मुजावर होते, बाकी सरांचे जुने विद्यार्थी. पाच वर्षांपूर्वी या अकरा जणांनी सरांच्या घरी भडंगाचं ताट मधे ठेवून एक युक्ती काढली. भिशी लावायची. पैशांची नाही, प्रश्नांची. दर आठवड्याला चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं फळ्यावर ओंजळीबद्दल एक प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची.

पण पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर दिलं की प्रश्न संपायचा आणि खुणा पडायच्या दोन. म्हणून मग दुसरी युक्ती निघाली. आधी एक चुकीचं उत्तर द्यायचं, खरं वाटेल असं. त्याला ते विरजण म्हणत. ज्यानं प्रश्न विचारला त्यानं त्या चुकीच्या उत्तरावर 'पटलं'चा शिक्का मारायचा. मग इतरांनी भांडायचं, आठवडाभर वाद घालायचा, आणि शेवटी सरांनी खरं उत्तर द्यायचं. दुधाचं दही झालं की शिक्का बदलायचा. सगळी शिकली-सवरली माणसं, पण पोरासोरांसारखी खूश होती. आपल्या भाषेवरच्या मायेपोटी खोटं बोलतोय, म्हणजे ते खोटं नव्हेच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

एकटे रफीकभाई एकदा कुरकुरले होते. "मॅडम, तुमचा ह्यो प्रश्न लई खरा वाटतोय बघा. खोटंच लिवायचं तर जरा खोटं वाटंल असं लिवा की."

कुठला बरं तो प्रश्न?

हेमांगीबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी फोनवर फळा उघडला. शोधावं लागलं नाही. प्रश्न क्रमांक २१२, ओंजळीतला सर्वांत जास्त वाचला गेलेला. विचारणार हेमांगी चौगुले.

"माझा प्रोग्रॅम सारखा 'शिळं' म्हणून थांबतो. सेन्सर मधेच गप्प होतो. घंटा न वाजवता काम पुढं कसं चालू ठेवायचं?"

खाली हुपरे सरांचं उत्तर. "सोपं आहे. नवा आकडा आला नाही तर मागच्याच आकड्यावर आत्ताची वेळ घाला आणि पुढं जा. ओंजळ त्याला ताजा समजेल."

आणि त्याखाली हिरव्या रंगात त्यांचा स्वतःचा शिक्का. पटलं.

त्यांना तो आठवडा लख्ख आठवला. विरजण असं काही लागलं होतं की पहिल्यांदाच बाहेरची माणसं भांडायला आली, एक्केचाळीस उत्तरं पडली आणि ओंजळीची चलती अर्ध्या टक्क्याच्या वर गेली. लहान भाषांमधली सर्वांत वेगानं वाढणारी भाषा! सरांनी पेढे वाटले, रफीकभाईंनी सगळ्यांना टॉवेल भेट दिले. त्या गडबडीत खरं उत्तर लिहायचं राहून गेलं. बाईंना वाटलं, सर लिहितील. सरांना वाटलं, बाईंनी शिक्का काढला असेल. पुढं लेखनिकच ओंजळीत प्रोग्रॅम लिहू लागला, चलती आपोआप वाढत गेली आणि भिशी बंद पडली. कुठली कंपनी ओंजळ वापरते, कशासाठी वापरते, हे अकरातल्या एकानंही शोधलं नाही.

कुणीतरी कंपनीवाल्यानं लेखनिकाला सांगितलं असणार, खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांसाठी स्वस्त पेटी हवी, लहान चिपवर चालणारी. लेखनिकानं चलतीचा आलेख बघून ओंजळ निवडली. घंटा उगाच वाजू नये म्हणून काय करावं, हे त्यानं फळ्यावर शोधलं. आणि 'पटलं'चा शिक्का मारलेलं मान्य उत्तर तर तयारच होतं.

हेमांगीबाई उठून काचेकडे धावल्या.

३५.८.

वीस मिनिटं होऊन गेली होती. जिवंत अंगाचा आकडा असा एका जागी बसत नाही, थोडा तरी वरखाली होतोच. सिस्टरनी खोचलेली वायर अर्धवट बसली असणार. क्षणभर टेकली, ३५.८ सांगितला आणि मुकी झाली. पेटीला वाटतंय बाळ गारच आहे. ती ऊब वाढवतेय, वाढवतेय, आणि हिरवा ठिपका मजेत लुकलुकतोय. आतला जीव लालबुंद झाला होता, हातपाय पसरून निपचित पडला होता.

त्यांनी दोन्ही तळहातांनी काच बडवायला सुरुवात केली. "सिस्टर! बाहेर काढा त्याला! अहो, काढा बाहेर!"

"आजी, काच बडवू नका, बाकीची बाळं..."

"काखेत थर्मामीटर लावून बघा! त्या आकड्यावर जाऊ नका, हात लावून बघा!"

सिस्टर वैतागूनच पेटीकडे गेल्या. झाकण उघडून त्यांनी हात आत घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढं सगळं भराभर झालं. डॉक्टर शिरगुप्पे पळत आले. थर्मामीटरनं ३८.७ दाखवलं. हवा फार तापली की पेटी बंद पाडणारी एक वेगळी कळ आत असते, पण ती एवढ्या उशिरा जागी होते की हेमांगीबाईंना तो विचारसुद्धा सोसवेना. बाळाचे कपडे काढले, त्याला दुसऱ्या, जुन्या पेटीत हलवलं. पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले.

"आता ठीक आहे. वायरची पिन नीट बसली नव्हती. आमच्याकडून चूक झाली, मी मान्य करतो. पण तुम्हाला कसं कळलं हो?"

हीच ती वेळ होती. डॉक्टर, पिनेचा दोष नाही, पिन निघाली तर घंटा वाजायला हवी होती, आणि ती माझ्यामुळं वाजली नाही. तीन वाक्यांचं काम. हेमांगीबाईंनी तोंड उघडलं.

"आजीची नजर," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी सरांना फोन लावला. हुपरे सर आता एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळ सुखरूप आहे ना?"

"आहे, सर. पण अशा पेट्या आणखी किती असतील?"

"कंपनी बघेल ते."

"सर, कंपनीत बघायला माणूस कुठं आहे? लेखनिकानं लिहिलं, लेखनिकानंच तपासलं. आपण फळ्यावर लिहायला हवं, की तो प्रश्न खोटा होता."

"मंडळाचा नियम सात विसरलीस? एक जरी प्रश्न बनावट निघाला तर त्याच मिनिटाला भाषा यादीतून बाद. फळा बंद. हेमांगी, पंचवीस वर्षं गेली माझी त्यात. मला मूलबाळ नाही, तुला ठाऊक आहे. ओंजळच आहे. पिना नीट खोचा म्हणावं सगळ्यांना. एवढं पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बरं, सर," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षं त्या सरांना 'बरं, सर' म्हणत आल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आपलं लेकरू सुटलं म्हणून आपण गप्प बसलो, हे कुणाला कळलं तर? लेकीला, सानिकाला कळलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाळाला आईच्या अंगावर द्यायला सांगितलं. सानिका पलंगावर टेकून बसली होती, तिच्या उघड्या छातीशी बाळ, डोक्याला टोपी, वरून शाल. हेमांगीबाई शेजारी स्टुलावर.

"आई, तू नसतीस तर काय झालं असतं गं," सानिका म्हणाली. ती कालपासून तिसऱ्यांदा हे म्हणत होती आणि दर वेळी हेमांगीबाई बाळावरची शाल सारखी करत होत्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भिशीच्या दिवसांतली खूण होती ती. ओंजळीबद्दल फळ्यावर नवा प्रश्न आला की वाजणारी. वर्ष-दीड वर्षात वाजली नव्हती. आता कुणाची चिठ्ठी निघाली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी वाचायला घेतलं.

"मी फुलवंती वळवी, नर्स. सातपुड्यात आमचा लहान दवाखाना आहे. पेटीवर ओंजळ असं नाव आहे म्हणून इथं विचारते. बाळाचं अंग हाताला गार लागतंय. पेटी ३६.४ दाखवते. अर्ध्या तासापासून तोच आकडा आहे. ठिपका हिरवा आहे. डॉक्टर तालुक्याला गेलेत, फोन लागत नाही. पेटीवर विश्वास ठेवू का हातावर?"

आणि खाली, त्याच मिनिटाला, लेखनिकाचं उत्तर. "ठिपका हिरवा असल्यास वाचन ताजं आहे. आकडा स्थिर असणं चांगलं लक्षण आहे. आधार: मान्य उत्तर, प्रश्न क्रमांक २१२."

नुसतं 'हातावर' असं लिहून भागणार नव्हतं. एका अनोळखी बाईच्या शब्दाला मान्य उत्तरापुढं कोण विचारतो? ते उत्तर खोटं आहे हेच सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की मिनिटाभरात फळा बंद पडणार होता. मग त्या बाईला पुढं सांगणार कसं? त्यांनी आधी आपला फोन नंबर लिहिला. मग बाकीचं.

"हातावर. बाळाला लगेच बाहेर काढा, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा, डोक्याला टोपी, वरून पांघरूण. मला फोन करा. प्रश्न २१२ खोटा आहे, तो मी रचला होता. त्याचं उत्तर चुकीचं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्यांच्याकडे ही पेटी आहे त्या सगळ्यांनी ती बंद करा आणि मला फोन करा. हेमांगी चौगुले."

त्यांनी बटण दाबलं. सानिका खांद्यावरून वाचत होती, हे त्यांना मान वळवल्यावर कळलं.

"म्हणजे कालचं..." सानिका म्हणाली.

"हो."

"आणि डॉक्टरांना तू आजीची नजर म्हणालीस."

हेमांगीबाईंनी नकळत बाळाकडे हात पुढं केला. सानिकानं शाल घट्ट ओढून घेतली आणि ती भिंतीकडे सरकली.

फोनवरचा फळा पांढरा झाला. मधोमध एकच ओळ उरली: ही भाषा आता मोजली जात नाही.

फुलवंतीनं वाचलं असेल का? एका मिनिटात? हेमांगीबाई फोन मांडीवर ठेवून बसल्या. पाच मिनिटं गेली, सात गेली. खोलीत फक्त बाळाचा बारीक श्वास ऐकू येत होता. असं भय त्यांना काल काचेपाशीही वाटलं नव्हतं. काल निदान समोर दिसत तरी होतं.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ओंजळवाल्या मॅडम का?" मागं एका लहानग्याचा चिरका आवाज येत होता. "मी फुलवंती. काढलं मी त्याला. आईजवळ दिलं. आत्ता रडलं बघा."

रडू आवरत हेमांगीबाई एवढंच म्हणाल्या, "रडू दे. रडू दे त्याला."

मग फोन थांबलाच नाही. कुठल्या कुठल्या गावांतल्या सिस्टर, एक आया, एक डॉक्टर. फळा बंद झाला होता, पण वाचणाऱ्यांनी नंबर एकमेकींना पाठवला होता. कंपनीचाही आला, लेखनिक ओंजळ विसरला होता आणि पेट्यांचा प्रोग्रॅम वाचू शकेल असं त्यांच्याकडे कुणी नव्हतं. दुपारी सरांचं नाव उमटलं तेव्हा त्यांनी घाबरतच फोन घेतला.

"अर्धे फोन माझ्याकडे पाठव," सर म्हणाले. "रफीकला पण बोलावलंय. अकरा जण आहोत, पेट्यांचा प्रोग्रॅम वाचून काढू." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत हेमांगीबाईंना तेवीस जणांनी विचारलं. भिशीचा प्रश्न एकही नव्हता. बावीस जणांना त्यांनी काय करायचं ते सांगितलं. तेविसावी एक तरुण बाई होती, नर्स नव्हती. तिला नंबर कुणी दिला ते तिनं सांगितलं नाही.

"आमची मुलगी गेल्या मंगळवारी गेली," ती म्हणाली. "आठ दिवसांची होती. मी काचेतून बघत होते. पडद्यावर शेवटपर्यंत छत्तीस पॉइंट चार होतं, मॅडम. मी म्हणायचे, आहे, ठीक आहे. ते खरं होतं का?"

पलंगावर सानिकानं मान वर केली. ती आईकडे बघत होती.

"नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "खोटं होतं ते. मी लिहिलं होतं."